शेरबूरमध्ये न दिसलेली माणसे

जुन्या युरोपीय चित्रपटांत कोण दिसते आणि कोण दिसत नाही, हा वाद गेल्या काही वर्षांत सतत उकरून काढला जातो. त्यातल्या दोन्ही बाजू हिशेबनीसाच्या वृत्तीने बोलतात आणि चित्रपट नीट पाहण्याची निकड मात्र दोघांनाही फारशी वाटत नाही. जाक देमी यांचा १९६४ सालचा ‘ले पाराप्ल्वी द शेरबूर’ हा या वादासाठी अगदी सोयीचा नमुना आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या शेरबूर या बंदराच्या गावी छत्र्यांचे दुकान चालवणाऱ्या विधवेची मुलगी जन्व्हिएव्ह आणि गॅरेजात काम करणारा गी एकमेकांच्या प्रेमात असतात. गीला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी, फ्रान्सच्या ताब्यातल्या आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अल्जीरियाला जावे लागते, जन्व्हिएव्हला दिवस गेलेले असतात, पत्रे विरळ होत जातात आणि शेवटी ती हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या रोलां कासार या सभ्य, श्रीमंत माणसाशी लग्न करते. चित्रपटातला प्रत्येक संवाद, अगदी गॅरेजातली विचारपूससुद्धा, मिशेल लग्रां यांच्या संगीतावर गाऊन म्हटलेली आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, ज्या युद्धामुळे ही कथा घडते त्या युद्धातला एकही अल्जीरियन माणूस पडद्यावर येत नाही, म्हणून हा वसाहतवादी नजरेचा चित्रपट आहे आणि अभिजाततेच्या यादीतून तो खाली उतरवावा. दुसरी बाजू म्हणते की ही एक प्रेमकथा आहे, ती तिच्या काळाचे अपत्य आहे, तिला आजची मोजपट्टी लावणे हा अन्याय आहे.

या दोन्ही भूमिका मला चुकीच्या वाटतात आणि त्यांच्यामधला सोयीस्कर मध्यही मला मान्य नाही. पडद्यावरचे चेहरे मोजणाऱ्या टीकेला दोन अगदी भिन्न चित्रपटांतला फरक सांगता येत नाही, हे मी पुढे एका उदाहरणाने दाखवणार आहे. ‘काळाचे अपत्य’ हा बचाव तर इतिहास तपासला की टिकतच नाही. चित्रपटाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या कथेतून कोण गाळले गेले आहे याची त्या चित्रपटाला जाणीव आहे का, आणि असेल तर त्या जाणिवेचे तो काय करतो? या कसोटीवर ‘शेरबूर’ अर्धा उतरतो आणि अर्धा उतरत नाही. त्याच्या अर्ध्या अपयशावरचा उपाय त्या चित्रपटात फेरफार करून सापडणारा नाही. तो इतरांनी केलेल्या चित्रपटांत आहे.

मोजणीची ही सवय कुठून आली हे आधी पाहू, कारण तिच्या मूळ जागी ती अजिबात मूर्खपणाची नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१६ पासून आपल्या अनुदानांसाठी विविधतेचे निकष लागू केले आणि ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीने २०२० मध्ये जाहीर केलेले निकष २०२४ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारापासून बंधनकारक झाले. त्यांतल्या चारपैकी दोन अटी पूर्ण कराव्या लागतात. हे नियम मुख्यतः रोजगाराचे आणि संधीचे आहेत. कॅमेऱ्यामागे कोण उभे राहते, प्रशिक्षण कोणाला मिळते, निर्णयाच्या खुर्चीत कोण बसते हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि जे मोजले जात नाही ते बदलतही नाही. परंतु साठ वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या कलाकृतीचा अर्थ लावताना तेच कोष्टक पुढे केले की ते निरुपयोगी ठरते. २००१ साली ‘अमेली’ या चित्रपटावरून फ्रान्समध्ये झालेला वाद आठवावा. समीक्षक सेर्ज कागान्स्की यांनी ‘लिबेरासियों’ या दैनिकात लिहिले की या चित्रपटातले पॅरिस अल्पसंख्याकांपासून स्वच्छ धुऊन काढलेले आहे. त्यावर बचाव करणाऱ्यांनी मोरोक्कन वंशाचा अभिनेता जमेल दबूझ याच्याकडे बोट दाखवले. टीकाकारांनी मग त्याच्या पात्राचे नाव ल्युसियें आहे, याकडे बोट दाखवले. एक चेहरा जमेच्या बाजूला धरायचा की त्याच्या नावामुळे वजा करायचा, यावर दोन सुशिक्षित पक्ष भांडत राहिले आणि पॅरिसचा मोंमार्त्र हा भाग इतका गोड, इतका आठवणीतल्यासारखा का रंगवला आहे, या मूळ प्रश्नाकडे कोणाचे फारसे लक्ष राहिले नाही.

‘शेरबूर’च्या बाजूने जे सर्वांत बळकट मुद्दे आहेत ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत, कारण त्याचे बहुतेक समर्थक ते मांडतच नाहीत. पहिला मुद्दा असा की, हे युद्ध लपवणारा हा चित्रपट नाही. तो तीन भागांत विभागलेला आहे आणि प्रत्येक भागावर महिना आणि वर्ष लिहिलेले आहे. पहिला भाग नोव्हेंबर १९५७ मध्ये सुरू होतो, दुसऱ्याचे नावच ‘अनुपस्थिती’ आहे, तिसरा मार्च १९५९ मध्ये, आणि शेवटचा प्रसंग डिसेंबर १९६३ मध्ये. ज्या फ्रान्समध्ये अल्जीरियातल्या घडामोडींना सरकारी भाषेत ‘कायदा व सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ म्हटले जात असे आणि ज्या देशाच्या कायद्याने त्यांना ‘युद्ध’ म्हणायला १९९९ साल उजाडावे लागले, त्या फ्रान्समध्ये १९६४ साली एक गुलाबी-निळ्या भिंतींचा, गाण्यांचा, सगळ्या कुटुंबाने पाहावा असा चित्रपट तारखांसकट सांगत होता की ह्या तरुण मुलांना तिकडे पाठवले गेले आणि त्यांची आयुष्ये मोडली. दहा लाखांहून अधिक तरुण त्या युद्धात सक्तीने पाठवले गेले होते, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या घरांची कहाणी इतक्या मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचवणारे दुसरे कोण होते? देमी यांनी स्वतः हा चित्रपट युद्धाविरुद्धचा, विरहाविरुद्धचा असल्याचे म्हटले आहे, आणि तो तसा आहेच.

दुसरा मुद्दा रूपाचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या भागात आपण जन्व्हिएव्हबरोबर शेरबूरमध्ये अडकलेले असतो. तिच्यापर्यंत अल्जीरिया येतो तो केवळ पत्रातून. गी लिहितो की एक गस्ती तुकडी दबा धरून बसलेल्यांच्या तावडीत सापडली, तिकडे सूर्य आणि मृत्यू बरोबरच प्रवास करतात. जन्व्हिएव्हजवळ त्याचा एक फोटो आहे आणि ती आईला सांगते की त्याचा खरा चेहरा आता आठवत नाही. त्याची आठवण काढली की हा फोटोच समोर येतो. दूरच्या युद्धाने घरातल्या माणसाचे काय होते हे याहून नेमके कसे सांगावे? ज्या मुलीला आपल्या प्रियकराचा चेहराही आठवेनासा झाला आहे, तिच्या कथेत अल्जीरियातले एखादे खेडे आणून बसवणे हे त्या कथेशी अप्रामाणिक झाले असते. तिला जे दिसत नाही ते आपल्यालाही न दाखवणे हा तिथे देमी यांचा विचारपूर्वक निर्णय आहे, असे मी मानतो.

याच्या पुढे मात्र समर्थकांचे युक्तिवाद डळमळू लागतात. त्यातला एक तर हास्यास्पदच आहे. अल्जीरियन कामगार तेव्हा पॅरिस, ल्यों, मार्सेय आणि उत्तरेकडच्या खाणपट्ट्यात एकवटले होते, नॉर्मंडीच्या टोकावरच्या एका लहान बंदरात ते दिसले नाहीत तर त्यात नवल काय, असे म्हटले जाते. जनगणनेच्या दृष्टीने हे खरे असेलही. पण ज्या चित्रपटात मेकॅनिक गाऊन बोलतात, ज्याच्यासाठी खऱ्या गावातल्या भिंती आणि दुकाने रंगवून घेतली गेली, ज्यात नायिकेच्या कपड्यांशी मागच्या भिंतीवरच्या कागदाची नक्षी जुळवलेली आहे, त्याच्या बचावासाठी जनगणनेचा तक्ता कशाला काढायचा? देमी यांनी शेरबूर जसे होते तसे दाखवण्याचे वचन कधी दिलेच नव्हते. त्यांनी काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे रंगापासून सुरापर्यंत निवडले, आणि म्हणून जे सोडले त्याचीही जबाबदारी त्यांच्याकडेच जाते.

‘तो काळच तसा होता’ हे म्हणणे त्याहून जास्त प्रतिष्ठित आहे आणि त्याहून जास्त खोटे आहे. कोणता काळ? आँरी आलेग या पत्रकाराने फ्रेंच सैन्याने आपला केलेला छळ लिहून काढला ते पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सरकारने ते जप्त करेपर्यंत हजारो लोकांनी वाचले. सप्टेंबर १९६० मध्ये १२१ लेखक-कलावंतांनी जाहीरनामा काढून या युद्धात शस्त्र उचलायला नकार देण्याच्या हक्काचे समर्थन केले. जमिला बुपाशा या अल्जीरियन तरुणीवर झालेल्या अत्याचारांचा खटला वकील झिझेल हालिमी लढत होत्या आणि सिमोन द बोव्हार तिच्या बाजूने लिहीत होत्या. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पॅरिसमध्ये शांततेने मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियन लोकांना पोलिसांनी ठार मारले, सेन नदीत फेकले. त्या सुमारास फ्रान्समध्ये सुमारे साडेतीन लाख अल्जीरियन राहत होते. तेव्हा अल्जीरियन माणूस दिसत नव्हता असे म्हणणे म्हणजे ज्यांनी पाहिले आणि किंमत मोजून सांगितले, त्यांना त्या काळातून हद्दपार करणे होय. काळ कधीही एकाच मताचा नसतो. ‘तो काळ’ म्हणताना आपण बहुधा त्या काळातल्या निवांत लोकांबद्दल बोलत असतो.

इथे सेन्सॉरचा मुद्दा मान्य केला पाहिजे. गोदार या दिग्दर्शकाचा याच युद्धाविषयीचा ‘ल पती सोल्दा’ १९६० मध्ये तयार होऊन १९६३ पर्यंत बंदीत राहिला. १७ ऑक्टोबरच्या हत्याकांडावरचा झाक पानिजेल यांचा माहितीपट पोलिसांनी जप्त केला आणि त्याला परवाना मिळायला १९७३ साली रने व्होतिए या दिग्दर्शकाला उपोषण करावे लागले. चित्रपटाला पैसा लागतो, परवाना लागतो, आणि बंदीच्या भीतीने निर्माता मागे फिरतो. तेव्हा देमी यांनी आडवाटेने जाणे पसंत केले असेल तर ते समजण्यासारखे आहे. मात्र आडवाटेनेही किती दूर जाता येत होते, हे दाखवणारा एक चित्रपट ‘शेरबूर’च्या आदल्याच वर्षी प्रदर्शित झाला होता.

तो म्हणजे आलँ रेने यांचा ‘म्युरिएल’. पटकथा झाँ केरोल यांची. ते स्वतः माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीतून वाचलेले कवी. या दोन चित्रपटांतली साम्ये इतकी आहेत की कोणी मुद्दाम जुळवून आणावीत. हाही समुद्रकाठच्या एका बंदरात घडतो, बुलोनमध्ये. यातही मध्यभागी एक जुने प्रेम आहे: जुन्या वस्तूंचा व्यापार करणारी एलेन पूर्वीच्या प्रियकराला इतक्या वर्षांनी घरी बोलावते आणि दोघेही एका न झालेल्या आयुष्याचा हिशेब जुळवत बसतात. यातही अल्जीरियाहून परतलेला एक तरुण आहे, एलेनचा सावत्र मुलगा बेर्नार. आणि यातही एकसुद्धा अल्जीरियन माणूस पडद्यावर येत नाही. मोजणी करणाऱ्यांच्या वहीत दोन्ही चित्रपटांपुढे शून्यच लिहिले जाईल.

पण ‘म्युरिएल’मध्ये काय होते? बेर्नार एका वृद्धाला आपण अल्जीरियात हौसेने काढलेली फिल्म दाखवतो. पडद्यावर सैनिकांच्या नेहमीच्या गमतीजमती, तळावरचा निवांतपणा, हसणे-खिदळणे. त्या दृश्यांवर बेर्नारचा आवाज सांगत राहतो की आपल्या तुकडीने एका मुलीला कसे छळून मारले, आणि आपण तिथे होतो. तिला ते म्युरिएल म्हणत. ते तिचे खरे नाव असणे शक्यच नाही. आपण जे पाहतो आणि जे ऐकतो ते एकमेकांना कुठेच भिडत नाही आणि त्या न भिडण्यातच ती मुलगी उभी राहते. तिचा चेहरा, नाव, घर काहीही दाखवलेले नसताना ती सबंध चित्रपट व्यापून टाकते, इतकी की दिवाणखान्यातल्या प्रेमाच्या जुन्या गोष्टीही खोट्या वाटू लागतात; आणि त्या तशा असतातही, कारण अल्जिअर्समध्ये कॅफे चालवल्याच्या बढाया मारणाऱ्या त्या प्रियकराचे अल्जीरिया ही शुद्ध थाप आहे. इथे अनुपस्थितीच साक्षीदार झाली आहे.

आता ‘शेरबूर’च्या तिसऱ्या भागाकडे परत यावे लागते. मी वर म्हटले की दुसऱ्या भागात आपण जन्व्हिएव्हच्या नजरेत बांधलेले आहोत आणि म्हणून अल्जीरिया न दिसणे योग्य आहे. पण तिसरा भाग गीचा आहे. जो माणूस तिकडे होता तोच आता आपल्यासमोर आहे. तो लंगडत चालतो, नोकरीवर भांडतो, दारू पितो, वेश्येकडे जातो, आणि आत्याच्या मृत्यूनंतर तिची शुश्रूषा करणाऱ्या मादलेनच्या आधाराने सावरतो. त्याची जखम चित्रपटाला दिसते, त्याचा विश्वासघात दिसतो, त्याचा एकटेपणा दिसतो. त्याने तिकडे काय पाहिले, काय केले, कोणावर बंदूक रोखली, हा प्रश्न ना मादलेन विचारते, ना आत्या, ना चित्रपट. शेवटच्या प्रसंगात डिसेंबर १९६३ आहे. अल्जीरिया स्वतंत्र होऊन दीड वर्ष झाले आहे. बर्फात उजळलेल्या पेट्रोल पंपावर दोघे जुने प्रेमिक एकमेकांशी मोजकी चार वाक्ये बोलतात, आणि त्यांना वेगळे करणाऱ्या देशाचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. हा प्रसंग पाहताना डोळे भरून येतात, माझेही येतात, आणि तरीही मला वाटते की इथे मौन निवडलेले नाही, इथे ते अंगवळणी पडलेले आहे. दुसऱ्या भागातल्या मौनाला कारण होते. या भागातल्या मौनाला सवयीखेरीज दुसरे कारण मला सापडलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की हा एका कवितेसारख्या चित्रपटावर लादलेला भार आहे. अशा वाचनाला मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. उदाहरणार्थ, रोलां कासार हेच पात्र देमी यांच्या आधीच्या ‘लोला’मध्ये येते आणि तिथे ते हिऱ्यांच्या तस्करीच्या भानगडीत सापडते, त्यावरून साम्राज्याने एक प्रियकर नेला आणि साम्राज्याच्याच हिऱ्यांनी दुसरा आणून दिला, असा चमकदार सिद्धान्त मांडता येईल. तो ऐकायला छान वाटतो आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही, कारण चित्रपट स्वतः तो दुवा कुठेच जोडत नाही. गीविषयीचा प्रश्न तसा बाहेरून आणलेला नाही. युद्धाची तारीख चित्रपटानेच लिहिली, पत्रातला मृत्यू चित्रपटानेच आणला, लंगडता पाय त्यानेच दाखवला. ज्याने दार उघडले त्याला आत काय आहे हे विचारण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे.

मग चित्रपटात एखादा अल्जीरियन माणूस आणला असता तर काम भागले असते का? त्याचे उत्तर जर्मनीतून मिळते. रायनर वेर्नर फास्बिंडर यांच्या १९७४ च्या ‘आंग्स्ट एसन झेले आउफ’मध्ये एमी ही वयस्क जर्मन सफाई कामगार आणि तिच्याहून खूप तरुण मोरोक्कन मजूर यांचे प्रेम आणि लग्न दाखवले आहे. म्हणजे इथे परका माणूस पडद्याच्या मध्यभागी आहे, कथेचा नायक आहे. शेजारी कुजबुजतात, दुकानदार सामान द्यायचे नाकारतो, मुलगा रागाने टीव्हीवर लाथ मारतो. इथवर चित्रपट थांबला असता तर तो सद्भावनेचा एक चांगला धडा झाला असता. फास्बिंडर पुढे जातात. शेजाऱ्यांना त्या दोघांची गरज पडू लागते तसा त्यांचा तिरस्कार मावळतो, आणि मग एमीच आपल्या मैत्रिणींना नवऱ्याचे दंड हाताने चाचपून पाहू देते. त्याला कुसकुस खावेसे वाटते तर ती म्हणते की जर्मनीत ते खात नाहीत. योलांडा नावाची परदेशी बाई नव्याने कामावर येते तेव्हा जिन्यात तिला एकटे पाडणाऱ्यांत एमीही असते. नायकाचे खरे, लांबलचक नाव आपल्याला एकदा ऐकवले जाते आणि त्यानंतर सगळे त्याला अली म्हणत राहतात, कारण सगळ्या तशा माणसांना अलीच म्हणायचे असते. समोर असलेला माणूसही न दिसणे शक्य आहे, हे हा चित्रपट ज्या निर्दयतेने सांगतो त्यापुढे चेहरे मोजणे अगदीच भाबडे वाटते. देमी यांनी शेरबूरच्या बंदरावर छत्री विकत घेणारा एक अल्जीरियन गिऱ्हाईक आणला असता, तर आजच्या टीकाकारांचे तोंड बंद झाले असते आणि चित्रपट आहे त्याहून अधिक खोटा झाला असता.

उपस्थितीने प्रश्न सुटत नाही आणि अनुपस्थिती सरसकट माफ होत नाही, तर मग न्याय कुठे आहे? माझ्या मते तो १९६६ च्या एका चित्रपटात आहे, ज्याचे नाव या वादात क्वचितच कोणी घेतो. मोहम्मद लखदर-हामिना यांच्या ‘ल व्हां देज ऑरेस’मध्ये त्याच युद्धाच्या वर्षांतली एक अल्जीरियन आई आहे. फ्रेंच सैनिक तिच्या तरुण मुलाला उचलून नेतात आणि ती त्याचा शोध घेत एका छावणीतून दुसऱ्या छावणीपर्यंत चालत राहते. तिला त्याचे पत्र येत नाही, तिच्याजवळ पेन्शनचे कागद नाहीत, तिच्यासाठी कोणी जवाहिऱ्या येणार नाही. १९६७ च्या कान महोत्सवात या चित्रपटाला पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट कृतीचा पुरस्कार मिळाला. त्याच महोत्सवात तीन वर्षांपूर्वी देमी यांना सर्वोच्च मान मिळाला होता, आणि १९७५ मध्ये लखदर-हामिना यांनाही तो नंतरच्या एका चित्रपटासाठी मिळाला. एका बाजूला समुद्रापलीकडे नेलेल्या तरुणाची वाट पाहणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला त्या तरुणासारख्यांनीच नेलेल्या मुलाला शोधणारी आई. दोघींच्या वाट पाहण्यामागे एकच सरकारी हुकूम आहे. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की ‘शेरबूर’मध्ये काय नाही हे सांगायला कोणत्याही निबंधाची गरज उरत नाही, आणि त्याचबरोबर ‘शेरबूर’मध्ये जे आहे तेही खोटे ठरत नाही. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिनमध्ये जन्मलेले इतिहासकार बेंजामिन स्तोरा यांनी या युद्धाच्या आठवणींविषयी वारंवार मांडले आहे की, प्रत्येक गटाने आपली आठवण वेगळ्या कप्प्यात बंद करून ठेवली. चित्रपटांच्या बाबतीतही तेच झाले. त्यामुळे खरा दोष एकेका चित्रपटापेक्षा कप्प्यांचा आहे.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद परका वाटू नये. ‘शेरबूर’चे चित्रीकरण झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये, बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. त्याआधीची काही दशके आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद रंगला होता, आणि त्या वादात ‘जीवन’ म्हणजे कोणाचे जीवन, हे विचारण्याची गरज दोन्ही पक्षांतल्या फार थोड्यांना वाटली. जातींची आणि देशांची तुलना तंतोतंत होत नाही, हे मी जाणतो. पण बागुलांनी किंवा त्यांच्यानंतर ‘गोलपिठा’ लिहिणाऱ्या ढसाळांनी काय मागितले? आधीच्या कादंबऱ्यांतल्या टेनिस खेळणाऱ्या नायकांशेजारी एक दलित मित्र बसवा, अशी मागणी त्यांनी केली नाही. तसे कनवाळू चित्रण करणारे लेखक आधी होतेच आणि त्या कनवाळूपणाचाच दलित लेखकांना उबग होता. त्यांनी स्वतः लिहिले, आणि त्यांच्या लिहिण्यानंतर आधीच्या पुस्तकांतले एकही अक्षर न बदलता ती पुस्तके वेगळी वाचली जाऊ लागली. त्यांच्यातले मौन ऐकू येऊ लागले. हे काम कोणत्याही कोष्टकाने झाले नसते, आणि ‘साहित्याला जात नसते’ म्हणणाऱ्यांच्या तोऱ्याने तर नाहीच नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवा, हे म्हणायला सोपे. पण दोघांची ताकद सारखी नाही. ‘शेरबूर’ जगभर पाहिला जातो, त्याची गाणी कॅफेत वाजतात, आणि लाखो प्रेक्षकांच्या मनात अल्जीरियाचे युद्ध म्हणजे रेल्वेच्या फलाटावरचा एक निरोप एवढेच शिल्लक राहते. ‘ल व्हां देज ऑरेस’मधली ती आई किती जणांना माहीत आहे? हे खरे आहे, आणि म्हणूनच विविधतेची लढाई पडद्याच्या चौकटीत लढण्याऐवजी चौकटीबाहेर लढली पाहिजे असे मला वाटते. ‘शेरबूर’ची मूळ निगेटिव्ह फिकी पडली होती, देमी यांनी रंग वेगळे करून जपलेल्या प्रतींमुळे आणि नंतर त्यांच्या पत्नी, दिग्दर्शिका आन्येस व्हार्दा व त्यांच्या कुटुंबाने घेतलेल्या कष्टांमुळे ते गुलाबी, ते निळे आज आपल्याला पुन्हा दिसते. असे जपणारे घर, पैसा आणि प्रयोगशाळा प्रत्येक चित्रपटाच्या नशिबी नसतात. पूर्वीच्या वसाहतींमध्ये बनलेल्या चित्रपटांच्या प्रती कुठे पडून आहेत, त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कोण करतो, त्यांचे हक्क कोणाकडे आहेत, उपशीर्षके कोणत्या भाषांत आहेत, हे प्रश्न कंटाळवाणे आहेत आणि त्यांवर चटकन संतापता येत नाही. म्हणून तर देमी यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे जास्त लोकप्रिय आहे. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्या आणि महोत्सव यांच्यापासूनही सुरुवात करता येईल. प्रेमपटांच्या मालिकेत ‘शेरबूर’ हमखास लावणाऱ्यांनी त्याच आठवड्यात ‘म्युरिएल’ आणि ‘ल व्हां देज ऑरेस’ मिळवून लावावेत, आणि दुसऱ्याची बरी प्रत मिळवायला किती पत्रे लिहावी लागतात आणि किती खर्च येतो, हे कार्यक्रमपत्रिकेत छापावे.